बावीस मिनिटं उडायचं, अठ्ठेचाळीस मिनिटं बसायचं

८ मे

आज देवानंदला म्हणलं, तुझं ते उडतं यंत्र मला पाह्यजे. तो म्हणला, "हुकम, साठी उलटली तुझी, नातवाचा पतंग घे." मी म्हणलं, मस्करी न्हाई, आपल्या जैन संघाचं काम हाय.

संघाचं काम म्हंजे असं. महासतीजी, म्हंजे आमच्या साध्वी, चातुर्मासाला जालन्याला चालल्यात. ठाणा पाच, म्हंजे पाच जणी, लोणारकडून पायी. महिनाभरात आमच्या शिवारातून जातील. पण मंठ्यात येतील का शेतातल्या वाटेनं परस्पर जालन्याच्या रस्त्याला लागतील, ह्याचा कुणालाच पत्ता न्हाई. त्यांच्यात मोठ्या हायेत त्यांना आम्ही बडे म.सा., म्हंजे महाराज साहेब, म्हणतो. लई कडक बाई. बँड नको, मिरवणूक नको, फोनवर कळवाकळवी नको. मागल्या दोन्ही वेळेला मंठ्याला बगल देऊन गेल्या. आमच्या संघाचे अध्यक्ष संपतजी सकाळपासून हार घेऊन बसस्टँडवर उभे होते. शेवटी ते हार त्यांनी परभणी गाडीच्या ड्रायव्हरला घातले. तो बिचारा लई खूश झाला.

म्हणून यंदा वरून बघायचं. मंठ्याच्या अलीकडं त्या पांगरीच्या शाळेत मुक्काम करतात. सकाळी कोणत्या वाटेला लागल्या ते दिसलं की आपण तयार. संपतजींना सांगितलं तर त्यांनी मला मिठीच मारली.

हे झालं संघाचं. ही डायरी माझी हाय, संघाची न्हाई, तर खरं लिहितो. त्या पाचात एक रितिका हाय. माझी पोरगी. दीक्षा घेऊन अकरा वर्षं झाली. आता रितिका म्हणायचं न्हाई, महासती ऋजुताजी म.सा. म्हणायचं. मला तिला एकदा बघायचंय. बास, येवढंच.

११ मे

पहिली चाचणी झाली. देवानंद म्हंजे जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो. आता बसस्टँडमागं त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान हाय. टीव्ही कुणी दुरुस्त करीत न्हाई आजकाल, म्हणून तो मिक्सरपासून लोकांच्या स्वभावापर्यंत सगळंच दुरुस्त करतो. हे ड्रोन त्यानं एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून जुनं घेतलंय. एक पाय चिकटपट्टीनं बांधलेला हाय.

आमच्या गच्चीवरून उडवलं. रिमोटच्या पडद्यावर आमचंच दुकान वरून दिसलं तर मी खुळ्यासारखा हसाय लागलो. शेजारच्या गच्चीवर राधेश्याम तेलवाला पोट आत वढून आरशात स्वतःला बघत होता. गच्चीवर आपल्याला कुणी बघत न्हाई असं माणसाला उगंच वाटतं.

ड्रोन कापसाच्या जिनिंगच्या पुढं गेलं आणि चित्र थिजलं. दीड किलोमीटर फक्त. पांगरीची शाळा सरळ रेषेत सहा हाय. देवानंदनं रिमोट हलवला, चापट मारली, फुंकर घातली. मंग म्हणला, "रेंज पुरत न्हाई. लाँग रेंजचा अँटेना लावू."

अँटेना म्हणल्यावर आम्ही दोघं एकदम विशीतले झालो. मंठ्यात पहिले टीव्ही आल्ते तवा निम्म्या गावाचे अँटेने आम्हीच चढवले. देवानंद खाली टीव्हीजवळ आणि मी वर पत्र्यावर पाइप फिरवीत. तो खालून वरडायचा, "आलं, आलं, आलं... गेलं!" मंग पिक्चर संपेपर्यंत मला उतरू द्यायचे न्हाईत.

पोरगा नमन म्हणला, "बाबूजी, ह्याला परवानगी लागती." देवानंद म्हणला, "लागती ना. दे की मंग." नमन दुकानात निघून गेला.

१६ मे

अँटेना आला. मला वाटलं माणसाएवढा असंल. निघाली उदबत्तीच्या पुड्याएवढी एक चपटी पाटी, पांढरी. देवानंद म्हणला, "आकारावर जाऊ नको, तुझ्याकडं बघून तरी कुणाला वाटतं का तू कपड्याचा व्यापारी हायेस?"

रिमोट उघडला. आत केसासारख्या दोन वायरी, टोकाला मोहरीएवढं पितळी बटण. ते काढून तिथं नव्या अँटेन्याची वायर बसवायची. देवानंदनं चष्म्यावर चष्मा घातला. मी बॅटरीचा उजेड धरला. बटण टक्कन निघालं आणि उडालं. मंग आम्ही दोघं साठीचे लोक दुकानाच्या फरशीवर पाऊण तास रांगलो. गिऱ्हाईक आलं. पंजाबी ड्रेसचं कापड मागत होतं. मी म्हणलं, बाई, पाय उचलून ठेवा, खाली नाजूक माल पडलाय. बटण माझ्याच धोतराच्या निऱ्यात सापडलं.

परत जोडल्यावर चार स्क्रू उरले. देवानंद म्हणतो कंपनीवाले मुद्दाम जास्तीचे टाकतात.

१९ मे

आजचा दिवस वाईट गेला.

देवानंदचा हिशेब बराबर वाटत होता. अँटेना जितका उंच तितकं चांगलं. तर जिन्याच्या खोलीवर लोखंडी पाइप उभा केला, त्यावर ती पाटी पांगरीकडं तोंड करून बांधली, आणि साठ फूट डिशची वायर खाली दुकानात आणली. अँटेना वर, माणूस खाली पंख्याखाली. आपण आयुष्यभर असंच केलंय. गादीवर बसून, लोडाला टेकून, चहा पीत ड्रोन उडवायचं. मी म्हणलं, वा, राजेशाही झाली.

गच्चीवरून ड्रोन उडालं. बसस्टँडपर्यंत गेलं आणि चित्र मेलं. दीड किलोमीटर तर सोडाच, अर्धाबी न्हाई. आम्ही वायर हलवली, पाटी फिरवली. मी वरून वरडलो, "आलं का?" देवानंद खालून, "न्हाई!" चाळीस वर्षांनी परत तेच चालू झालं.

ह्या यंत्राला सिग्नल तुटला की जिथून उडालं तिथं परत यायची अक्कल दिलेली हाय. ते परत आलं. पण मधल्या वेळात चंदनबाईंनी गच्चीवर मुगाचे पापड वाळत घातल्ते. दोन धोतरं भरून. ड्रोन बराबर त्यांच्या मधोमध उतरलं. पापड असे उडाले की निम्मे राधेश्यामच्या गच्चीवर, चार-पाच रस्त्यावर, एक पोस्टमनच्या टोपीवर.

चंदनबाई वर आल्या. आमची बायको रागावली की आवाज चढवत न्हाई, हळू बोलती, ते जास्ती वाईट. म्हणल्या, "पापडाचं जाऊ द्या. त्या पंख्यात जीव किती गेले ते मोजलं का?"

"एकबी दिसला न्हाई गं."

"दिसत न्हाईत त्याचंच तर प्रायश्चित्त हाय. महासतीजींचं दर्शन घ्यायला निघाले आणि वाटेत हिंसा करत! एक उड्डाण, एक सामायिक. जमत असंल तर उडवा."

सामायिक म्हंजे अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर बसायचं, तोंडाला मुहपत्ती बांधून, चित्त स्थिर ठेवून, कशाला हात लावायचा न्हाई. बॅटरी बावीस मिनिटं चालते. म्हंजे बावीस मिनिटं उडायचं आणि अठ्ठेचाळीस मिनिटं बसायचं. देवानंद म्हणला, "तुमच्या धर्मात चार्जिंगला लई वेळ लागतो."

आज बसलो. चित्त स्थिर काही झालं न्हाई. वायरीत काय चुकलं तेच डोक्यात.

२१ मे

देवानंदची पोरगी प्रीती पुण्याला इंजिनियर हाय. तिनं फोनवर बापाची बिनपाण्यानं केली. "पप्पा, एवढ्या लांब वायरीत सिग्नल मरतो. आणि ती डिशची वायर ह्याला चालतच नाही. अँटेना रिमोटच्या जवळ ठेवा, वीतभर वायर. वर न्यायचं तर माणसाला न्या."

देवानंद चाळीस वर्षं वायरी जोडतोय. त्याचं तोंड बघण्यासारखं झाल्तं. फोन ठेवला आणि मला म्हणला, "पाह्यलं का? बापाला शिकवून राह्यली." असं म्हणताना छाती फुगलेली.

ती त्याला रोज फोन करती. रोज! मी विचारलं, काय बोलता एवढं? म्हणला, "काही न्हाई. जेवलात का, गोळी घेतली का. बास." येवढ्यासाठी रोज फोन करायचा म्हंजे उगंच बॅलन्स घालवणं हाय. मी तसं बोललो तर देवानंद माझ्याकडं बघत राह्यला. त्याला कधीकधी असं होतं.

२४ मे

आता वायर खाली न्हाई, आम्हीच वर. जिन्याच्या खोलीच्या वर शिडी लावून चढलो. वर जागा एका खाटेएवढी, कठडा न्हाई. मी खाली बघितलंच न्हाई.

नवीन अडचण अशी की ह्या पाटीचं तोंड सारखं ड्रोनकडं पाह्यजे. ड्रोन हललं की पाटी हलली पाह्यजे. देवानंदचे दोन्ही हात रिमोटला. मंग पाटी कुणी धरायची? मी. वायर वीतभर, म्हणून त्याच्या पोटाला पाठ लावून उभं राह्यचं, पाटी छातीशी धरायची आणि आभाळाकडं बघायचं. तो मागून कानात वरडतो, "डावीकडं! जास्ती झालं! येवढंसं! श्वास सोडू नको, हलती!" राधेश्यामनं त्याच्या गच्चीवरून विचारलं, "हुकमचंदजी, फोटो काढून राह्यले का?"

पण चाललं! तीन किलोमीटर, चार, साडेचार. देवानंद म्हणला, "हुकम, तुझ्यासारखा अँटेना मंठ्यात झाला न्हाई." मला एवढा आनंद कधी लॉकडाउन उठल्यावरबी झाल्ता न्हाई.

चार उड्डाणं केली, म्हणून चार सामायिक. तिसऱ्यात डुलकी लागली. चंदनबाईंनी ती सामायिक मोजली न्हाई, परत करायला लावली.

२९ मे

आज पांगरीची शाळा दिसली. म्हंजे देवानंदला दिसली. तो सांगत गेला: झेंड्याचा खांब, हापसा, कडुनिंब, पलीकडं दोन वाटा, एक डांबरी मंठ्याकडं येणारी, एक शेतातून निघालेली पांदण. मी म्हणलं, मला बघू दे. मान वळवली तर पाटी वळली, पाटी वळली तर चित्र गेलं. "सरळ उभा राह्य!" म्हणून वरडला. मंग मी सरळ उभा राह्यलो.

तिथल्या एका म्हातारीनं ड्रोनला खालून दगड मारला. देवानंद म्हणतो नेम चांगला होता. गेल्या साली ड्रोनवाले चोर फिरतात म्हणून गावोगाव हाकाटी झाल्ती, त्यामुळं लोकांचा अजून भरवसा न्हाई.

१ जून

सूर्य बुडायच्या आधी जेवायला बसलो. चंदनबाईंनी ताटात खिचडी वाढली आणि एकदम विचारलं, "अहो, पांगरी किती लांब हाय?"

"रस्त्यानं आठ किलोमीटर."

"नमन गाडीवर दहा मिनिटांत सोडील. महासतीजी मुक्कामाला आल्या की संध्याकाळी जाऊन वंदना करून यायचं, विचारायचं, कोणीकडून जाणार. एवढ्याला विमान कशाला?"

मी म्हणलं, तुला न्हाई कळायचं, संघाचं काम शिस्तीत करावं लागतं. बडे म.सा. सांगत न्हाईत कुणाला.

"तुमी विचारलंय का कधी?"

मी खिचडी खाल्ली. त्या ताट उचलून गेल्या.

लिहूनच टाकतो. दीक्षेला मायबापाची लेखी आज्ञा लागते. रितिकानं एकोणिसाव्या वर्षी कागद माझ्यापुढं ठेवला. मी म्हणलं, मरेपर्यंत सही करणार न्हाई. ती वाद घालत बसली न्हाई. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कागद गल्ल्याजवळ ठेवायची आणि संध्याकाळी उचलायची. दोन वर्षं. मंग एक दिवस मी रागातच सही केली, कागद फेकला आणि म्हणलं, जा. दीक्षेच्या दिवशी सगळे जालन्याला गेले. गावात एकबी जैनाचं दुकान उघडं नव्हतं. मी उघडून बसलो. कुणीच आलं न्हाई गिऱ्हाईक. मी दिवसभर कापडाचं एकच थान उलगडत होतो आणि गुंडाळत होतो.

चंदनबाई दर चातुर्मासात दर्शनाला जातात, कुठंबी असो. मी जात न्हाई. दुकान कुणी बघायचं? नमन बघतो म्हणतो, पण त्याला अजून कापडातलं कळत न्हाई.

रितिकाला पांढऱ्या कपड्यात मी कधी पाह्यलेलंच न्हाई.

३ जून

दूधवाल्यानं खबर आणली. पाच जणी पांगरीच्या शाळेत दुपारी पोचल्या. उद्या सूर्य उगवल्यावर निघणार.

संपतजींनी बँडवाल्याला बोलवून ठेवलंय. मी म्हणलं, बँड नको, त्या परत फिरतील. ते म्हणले, "हळू वाजवायला सांगितलंय." देवानंदनं तिन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. मला काही सुचून न्हाई राह्यलं. दाढी केली. वरून कोण बघणार हाय माझी दाढी, तरी केली.

४ जून

बिलकुल क्रमानं लिहितो, न्हाईतर राहून जाईल काही.

उजाडताच वर चढलो. सूर्य वर आल्यावर ड्रोन सोडलं. मी पाटी छातीशी धरून पूर्वेकडं तोंड करून उभा. ऊन थेट डोळ्यात. देवानंद सांगत होता. "जिनिंग गेली... ओढा गेला... शाळा आली. निघाल्यात! पाच. पांढऱ्या. फाट्याकडं चालल्यात."

"कोणत्या वाटेला?"

"थांब... पांदणीला लागल्या, हुकम. मंठ्याकडं न्हाई. परस्पर चालल्या."

 तिसऱ्या वेळेलाबी बगल देऊन चालल्या होत्या. मी म्हणलं, देवा, मला बघू दे. एकदा बघू दे, मंग जाऊ दे त्यांना. त्यानं जरा विचार केला आणि म्हणला, "मी हवेत थांबवतो. पाटी माझ्याकडं दे, रिमोट तू घे. कशाला हात लावू नको फक्त."

अदलाबदल केली. पडद्यावर पाच पांढरे ठिपके. तांदळाएवढे. त्यातून पोरगी कशी ओळखायची? मला वाटलं चित्र मोठं करायचं काहीतरी असंल. डाव्या अंगठ्याखालची दांडी खाली ओढली तर खरंच चित्र मोठं व्हायला लागलं. मोठं, अजून मोठं. मी खूश. देवानंद पाटी धरून पलीकडं तोंड करून उभा, त्याला काही दिसत न्हाई. चित्र मोठं होत न्हाई, ड्रोन खाली चाललंय, हे मला काय ठाऊक!

पाचही जणी थांबल्या. रांगेत उभ्या राह्यल्या, हात खाली सोडून, डोळे मिटून.

"त्या का थांबल्या?" मी म्हणलं.

मागून चंदनबाईंचा आवाज आला. एवढ्या दिवसांत त्या शिडी पहिल्यांदा चढल्या. गुडघे धरत माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होत्या. म्हणल्या, "तुमच्या यंत्रामुळं थांबल्या. ते डोक्यावर घोंगावतंय, जीव मरून राह्यलेत. ते थांबल्याबिगर त्या पाऊल उचलायच्या न्हाईत." मंग बोट ठेवलं. "ही बघा. दुसरी. वाकून उभी राहते जरा, उजवा गुडघा दुखतो तिचा."

मी बघितलं. पांढरं कापड, पांढरी मुहपत्ती. माझ्या पोरीचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. मला ती बाकीच्या चौघींसारखीच दिसली. लई वाईट वाटलं, इतकं की हातातला रिमोट जड झाला.

तेवढ्यात रिमोट बोंबलाय लागला. परत यायपुरती बॅटरी उरली नव्हती. देवानंद "दे इकडं, दे इकडं!" करेपर्यंत ड्रोन त्यांच्यापुढं दहा पावलांवर जमिनीला टेकलं. पडद्यावर नुसती माती, आणि एक मुंगळा. मंग एकदम अंधार झाला.

देवानंद माझ्याकडं वळला. मला वाटलं शिव्या देईल. म्हणला, "ड्रोन माझं हाय. पण पोरगी तुझी हाय. आणायला तू जायचं."

"चंदन, तू चल संगं."

"मी दरसाली जाते," चंदनबाई म्हणल्या. "आज तुमी जा."

नमननं फाट्यापर्यंत सोडलं आणि म्हणला मी इथं थांबतो. सगळ्यांचं आधीच ठरलेलं असावं. पांदणीनं मी एकटा गेलो.

पाचही जणी बाभळीच्या सावलीला उभ्या होत्या. वाटेच्या मधोमध एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. ती दगडवाली, नाव सोनूबाई हे मागून कळलं. ड्रोनवर तिनं कोंबड्यांचं डालं पालथं घातल्तं आणि वर धोंडा ठेवल्ता, पळून जाईल म्हणून. मला बघून म्हणली, "तुमचंय का हे? म्या कुऱ्हाडीनं ठेचणारच होते. ह्या बाया म्हणल्या, मारू नका कशालाच, मालक येस्तोवर आम्ही थांबतो. म्हणून वाचलं बघा."

मी खाली बघूनच तीनदा वंदना केली. मत्थएण वंदामि, म्हंजे मस्तक टेकवून वंदन, असं म्हणलं. बडे म.सा. मूळच्या नगरकडच्या, मराठी स्वच्छ. म्हणाल्या, "दया पाळो. यंत्र तुमचं?"

"मित्राचं."

"उडवलं कोणी?"

"मीच."

"कशासाठी?"

मी म्हणलं, संघासाठी. पण त्यांच्यापुढं खोटं टिकत न्हाई. मी म्हणलं, "पोरीला बघायला."

"दिसली?"

"दिसली. ओळखू आली न्हाई मला." आणि मी रडलो. त्या बाईपुढं, सोनूबाईपुढं, कोंबड्यांच्या डाल्यापुढं. साठीचा माणूस. लाज सोडून रडलो.

बडे म.सा. म्हणाल्या, "श्रावकजी, आम्ही मंठा टाळतो ते गर्दीमुळं असं तुम्हाला वाटत असेल. चंदनबाई दर चातुर्मासात घरी पधारायची विनंती घेऊन येतात. मी विचारते, ही विनंती श्रावकजींची आहे का? त्या खोटं बोलत नाहीत. ऋजुताजींनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, ज्या घरातून आज्ञा रागानं मिळाली, तिथं वडिलांनी बोलावल्याशिवाय पाऊल टाकायला नको. त्यांना त्रास होईल. म्हणून आम्ही शेतातून जातो."

म्हंजे कोणत्या वाटेनं जाणार हे अकरा वर्षं माझ्यावर होतं. आणि मी आभाळातून बघत बसलो. चंदनबाईंना ठाऊक होतं सगळं. त्यांनी मला काय काय विचारलं ते सगळं आता आठवाय लागलं.

विनंतीचे शब्द ठरलेले असतात. पधारावे, गोचरीचा म्हंजे भिक्षेचा लाभ द्यावा, असं. लहानपणापासून पाठ हायेत. मी हात जोडले, वर बघितलं, डावीकडून दुसरी. डोळे तेच. आणि माझ्या तोंडून निघालं, "घरी चल गं."

 एका महासतीजींना असं म्हणतात का कुणी! मी जीभ चावली. सोनूबाई म्हणली, "आवो बाई, जा की मंग, बाप बलावतोय."

बडे म.सा. म्हणाल्या, "विनंती पोचली." आणि फाट्याकडं वळल्या.

गावात संपतजींचा बँड तयारच होता. बडे म.सा.नी नुसता हात वर केला. बँडवाले वाद्यं काखेत धरून मागून मुकाट्यानं चालत आले.

गोचरीला घरी आल्या तवा चंदनबाई शांत, मी मात्र आत-बाहेर करत होतो. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं चालत न्हाई, घरचंच रोजचं. फुलके आणि मुगाची डाळ. चंदनबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. माझा हात लई कापत होता. रितिकानं तिचं लाकडी पात्र जरा वर धरलं, माझ्या हाताजवळ, म्हंजे फुलका बाहेर पडू नये. दोन घातले. तिसरा घालायला गेलो तर म्हणाली, "बस." आवाज जाड झालाय थोडा.

ड्रोन डाल्यासकट देवानंदला नेऊन दिलं. त्यानं अँटेना काढून ठेवला. मी विचारलं, कशाला काढतो? म्हणला, राहू दे, उरलेले स्क्रू बसवून बघतो.

५ जून

सकाळी त्या निघाल्या. पुढच्या मुक्कामापर्यंत श्रावकांनी, म्हंजे आमच्यासारख्या संसारी लोकांनी, संगं चालायचं असतं. मी आजवर कधी गेल्तो न्हाई. आज गेलो. पुढं पाच जणी, मागं मी, माझ्या मागं संपतजी धापा टाकत.

विहारात, म्हंजे पायी चालताना, त्या बोलत न्हाईत. पाच किलोमीटर कुणी बोललं न्हाई. मी तिच्या चालीकडं बघत होतो. उजवा पाय टाकताना ती खरंच जपून टाकते.

सहाव्या किलोमीटरला एका मोरीपाशी ती थांबली. बाकीच्या पुढं गेल्या. मागं वळून माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "श्रावकजी, चपला कुठं आहेत?"

शब्द श्रावकजीचा होता, पण शाळेतून येऊन माझ्यावर खेकसायची तोच आवाज. मी म्हणलं, "आपण घालत न्हाईत, मंग मी कशाला घालू?"

"मला सवय आहे. तुम्ही कडेच्या मातीतून चाला. डांबर आता तापेल."

पुढं बडे म.सा.नी ऐकलं असणार. त्यांनी चाल जराशी हळू केली, पण वळून बघितलं न्हाई. मी डांबर सोडलं आणि कडेच्या मातीतून चालाय लागलो.